दुसरा ठोका

वैशाख शुद्ध दशमी, शुक्रवार

सगळ्यांत आधी आली ती शकुंतला. पाहुण्यांच्याही आधी! टांगा अजून रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कोपऱ्यावर होता, तोवर ही आमच्या ओट्यावर हजर. "चाची, आपके यहाँ मेहमान आ रहे हैं. मियाँ-बीबी हैं. सामान कुछ नहीं, बस एक झोला. हो न हो, पमू को देखने आए हैं." मी म्हटलं, अगं बाई, पमूला आत्ता कुठे बारावं लागतंय, लग्नाचं कुठलं काढलंस! "तो क्या हुआ, हमारी तो दस में पक्की हो गई थी." आणि बसली भिंतीला टेकून, कोण उतरतंय ते बघायला. शेजारच्या गार्डाची बायको ती. गाडी दिसण्याआधी सिग्नल देते.

उतरला तो टकलू, पोट सुटलेला. बायको हडकुळी, चेहरा मात्र मायाळू. मी काही ओळखलं नाही. त्याने वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, "आई, मी दिवाकर. मधूबरोबर मद्रासला होतो."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं, गहू सगळीकडे.

वहीला माहीत नाही म्हणून लिहिते. ही वही पमूनेच दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस, आम्ही ऐकायला घरी नसतो, तर उरलेलं यात लिहीत जा. मी मराठी तिसरी शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण लिहिते. तर मधू म्हणजे माझा मधुसूदन, एकुलता एक. रेल्वेत कारकून होता, पण जीव सगळा बॅडमिंटनच्या फुलात. फूल म्हणजे ते पिसांचं. शकुंतला त्याला चिड़िया म्हणते. आमच्या मागच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शिकला, डाव्या हाताने, आणि थेट हिंदुस्थानच्या टीममध्ये गेला. मद्रासहून जहाजाने सिंगापूरला, थॉमस कप खेळायला. टीम परत आली, हा तिकडेच राहिला. तिथल्या मुलांना शिकवतो. मधूचे वडील तेव्हा स्वतः मद्रासला जाऊन चौकशी करून आले, त्यांनीच मला सांगितलं. पत्र लिहायचा मधूला लहानपणापासून कंटाळा. आता हेही नाहीत, सहा वर्षांपूर्वी गेले. मधू गेला तेव्हा इंदू, माझी सून, पोटुशी होती; आता ती शाळेत शिकवते. पमूने बाप पाहिलेला नाही.

तर हा दिवाकर त्या टीममधला. त्याची आता आपल्या झाशीजवळ ग्वाल्हेरला बदली झाली आहे. बायकोचं नाव भानुमती. मी त्यांना पन्हं दिलं, बेसनाचे लाडू दिले. तो म्हणाला, "आई, मला जरा तुमच्याशी बोलायचं होतं." मी म्हटलं आधी खा. खाऊन झालं तर म्हणाला, "आई, त्या वेळी मद्रासला—" मी म्हटलं थांब, मद्रासचं मला सगळं माहीत आहे, तू मला सिंगापूरचं सांग. मधूने कुणाकुणाला हरवलं?

त्याने बायकोकडे पाहिलं. मग सांगितलं. अमेरिकेला हरवलं, आई. मग डेन्मार्कशी गाठ पडली, तिथे हरलो. त्याच्या आधीच्या खेपेला उलटं झालं होतं, डेन्मार्कला हरवलं आणि अमेरिकेपुढे थोडक्यात हरलो. त्यानंतर एवढ्या वर्षांत टीम तिथवर पोचलेली नाही. हे सांगताना गडी रंगात आला, चमच्याने ताटलीवर फूल मारून दाखवू लागला. मी म्हटलं, आणि मधू? तर चमचा खाली ठेवला. "मधूसारखा ड्रॉप आमच्यात कुणाचा नव्हता," म्हणाला. म्हणजे जोरात मारतो असं दाखवून फूल जाळीपाशी हलकेच टाकायचं, तो फटका.

बघा! बारा वर्षांनी पण लोक नाव काढतात.

जाताना भानुमतीने माझे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेचना. परत येतो म्हणाले आहेत. शकुंतला म्हणाली, "चाची, ये लोग कुछ कहने आए थे." मी म्हटलं, मग सांगितलं की सगळं!

वैशाख शुद्ध द्वादशी, रविवार

केशवराव भावजी आले होते. यांचे धाकटे भाऊ. दर रविवारी येतात आणि तोंड आंबट करून बसतात. आज परत तेच. "वैनी, या महिन्यात बारा वर्षं होतील. भटजी म्हणतात, आता करून टाकावं."

करून टाकावं म्हणजे काय, तर बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला नाव देतात आणि नदीवर अग्नी देतात. मग बायकोने कुंकू पुसायचं आणि घराने सुतक धरायचं. मी म्हटलं, भावजी, पत्ता नाही कसा? सिंगापूर हा पत्ताच आहे. "सिंगापूर शहर आहे वैनी, पत्ता नाही." इंदू पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. मी म्हटलं, इंदू, तव्यावरची करपेल.

आणि मला समथरचं आठवलं. माझ्या आईचे मामा होते तिथे, संस्थानात. त्यांचा भाऊ असाच गेला होता, काशीला म्हणून. पानांचा केला, जाळला आणि दोन वर्षांनी हा दारात उभा! मोठी पंचाईत. मेलेल्याला आत कसं घ्यायचं? मग त्या मिशाळ माणसाला पाळण्यात निजवला, झोके दिले, बारसं केलं, कानात नाव सांगितलं, मुंज लावली, आणि त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न! आम्ही पोरी हसून हसून लोळलो होतो. आईने मारलं.

भावजींना तेच सांगितलं. म्हटलं, तुम्ही पानांचा जाळाल आणि माझा मधू यायचा दारात, मग त्या सहा फुटी घोड्याला मी पाळण्यात कशी घालू? ते हसले नाहीत. त्यांच्या घराण्यात कुणी हसत नाही. आमचे हे एकदाच हसायचे, शंकरपाळे खाताना.

दुपारी लू सुटली, अंग भाजणारा वारा. वाळ्याचे पडदे भिजवून सगळे निजले. मला झोप नाही. अशा वेळी मागच्या हॉलमधून ठोका येतो. ठप्. हॉल उन्हाळ्यात बंद असतो, कुलूप आहे, चौकीदार गावाला गेला आहे. तरी येतो. बॅटीने फूल मारल्याचा असतो तो, मला चांगला ओळखू येतो, मी काय कमी ऐकलेत? एक ठोका. मग समोरच्याने मारला की दुसरा यायला पाहिजे. तो येत नाही. मी अंग चोरून वाट बघत बसते. मग जरा वेळाने परत पहिलाच.

घाबरत नाही हं मी. उलट सोबत वाटते. इंदूला सांगितलं होतं एकदा, ती म्हणाली, पत्रा तापतो आई.

वैशाख वद्य प्रतिपदा, बुधवार

काही विशेष नाही. मधूची बॅट काढली. लाकडी चौकटीत आवळून ठेवलेली असते, नाहीतर वाकते. चारी कोपऱ्यांचे पेच सैल केले, ऊन दाखवलं, परत आवळले. हे दरवर्षी करते. आल्यावर म्हणायला नको, आई, वाकवलीस.

वैशाख वद्य पंचमी, रविवार

आजचा दिवस किती मोठा! कुठून सुरू करू?

दिवाकर आणि भानुमती सकाळच्या गाडीने आले. भावजीही आले, नेहमीसारखे. मी पुरण घातलं होतं. भानुमती म्हणाली, "आई, पुरण कशाला, साधं चाललं असतं." मी म्हटलं, साधं मी मधू आल्यावर करणार आहे, त्याला पिठलं आवडतं.

दिवाकरने फोटो आणला होता. सगळी टीम कोट घालून, मागे सिंगापूरचा हॉल. मी चष्मा लावला. पमू म्हणाली, यात बाबा कुठे आहेत? मीही शोधलं, पहिली रांग, दुसरी रांग. दिवाकर जमिनीकडे बघत होता, कपाळावर घाम. म्हणाला, "आई, तो यात नाही."

मला चटकन कळलं. म्हटलं, अगं वेडे, फोटो काढला कुणी असेल? तुझ्या बाबाने! त्याला कॅमेऱ्याचा भारी नाद, घरच्या एकाही फोटोत तो नाही, इंदूला विचार. फोटो काढणारा फोटोत कसा दिसेल?

पमूने फोटो उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

मग जेवायला बसलो आणि मी दिवाकरला मधूच्या निघण्याची गोष्ट सांगितली. तो गाडीत होताच म्हणा, पण आमच्या बाजूने कुठे पाहिली त्याने? स्टेशनवर बँड होता. शाळेची पोरं होती. हारांनी मधूचं तोंड दिसत नव्हतं. मी डब्याच्या खिडकीतून त्याच्या हातावर दही घातलं, दही हातावर घेऊन निघालेला माणूस परत येतो. त्याने चाटलं आणि म्हणाला, "येतो, आई." मद्रासची जी. टी. सुटली. येतो म्हणाला तो. जातो म्हणाला नाही.

आणि मग यांची गोष्ट. हे मद्रासहून परत आले ती. मी दार उघडते तर समोर कोण म्हातारा! डोकं तुळतुळीत, मिशीसुद्धा काढलेली. यांच्या मिश्या म्हणजे झाशी स्टेशनची शोभा. मी किंचाळले. तर म्हणाले, "तिरुपतीला जाऊन आलो." हसू आलं मला! जन्मात कधी देवाला हात न जोडणारा माणूस, मुलगा समुद्रापार गेला तर तिरुपतीला केस देऊन आला! मी सगळ्या आळीला साखर वाटली. प्रसाद मात्र आणायला विसरले. आणि त्यानंतर त्यांनी गोड खाल्लं नाही शेवटपर्यंत, शंकरपाळेही सोडले. तोही नवसच असणार.

मी हे सांगत होते तर दिवाकरच्या हातातली वाटी कलंडली, तूप पाटावर. भानुमतीने पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, धूर झाला का गं? लाकडं ओली आहेत मेली. भावजी भावाच्या फोटोकडे बघत होते, तोंड उघडं. आणि इंदू दारात उभी होती, हातात पोळ्यांचा डबा. तशीच उभी. मी म्हटलं, वाढ की, पाहुणे थांबलेत.

जेवणानंतर दिवाकर म्हणाला, पमूचा खेळ बघतो. म्हटलं नव्हतं मी! त्यासाठीच आलेत ते, म्हणून दोनदा खेप! पमू डावखुरी आहे, बापासारखी. माझ्याकडे मधूची उरलेली फुलं आहेत डब्यात. आपल्या कोरड्या हवेत पिसं कडक होऊन मोडतात, त्यांना वाफ द्यावी लागते. मधूने मला शिकवलं होतं, टोपात पाणी उकळायचं, वर मोदकाची चाळण, त्यावर फुलं उपडी. मी स्वयंपाकघरात वाफ देत बसले. ओट्यावर दिवाकर आणि इंदू बोलत होते, भावजीही होते. पाण्याच्या खदखदीत नीट ऐकू येत नव्हतं.

दिवाकर म्हणाला, पाय मुरगळला, जहाजावर घेतलं नाही, कुणाचा पाय ते कळलं नाही. मग म्हणाला, मी गाडीत बसवायला गेलो तर म्हणत होता, अरे, बँड वाजवलाय रे त्यांनी, कुठल्या तोंडाने उतरू. मग पाणी फार उकळलं. मग समुद्र म्हणाला. मग, "मधूचे बाबा आले, त्यांनीच सगळं केलं. आणि माझ्याकडून शब्द घेतला, आई आहेत तोवर बोलायचं नाही. पण तुम्ही अजून कुंकू... मला राहवेना, वैनी."

मग इंदूचा आवाज आला, अगदी नेहमीचा, भाजीवालीशी बोलते तसा. "बाबांनी सांगितलं तेच घरात राहू द्या. बाकीचं मी बघते."

मला बाई भरून आलं. म्हणजे यांनी तेव्हाच दिवाकरकडून पमूसाठी शब्द घेतला होता! नात जन्मायच्या आधी! इंदू बिचारी लाजली असेल, मुलगी बाहेरगावी खेळायला पाठवायची म्हणजे काय थोडं आहे? म्हणून म्हणाली, मी बघते.

संध्याकाळी चौकीदाराच्या भावाकडून किल्ली आणली आणि हॉल उघडला. आत कबुतरं, धूळ. दिवाकर मधूच्या बॅटीला हात लावेना. शेवटी पमूने ती घेतली, त्याने दुसरी. आणि काय सांगू, दुसरा ठोका ऐकू आला! ठप्, ठप्. ठप्, ठप्. मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते. मग पमूने बॅट जोरात उगारली आणि एकदम हवेतच थांबवली, फूल जाळीला घासून पलीकडे पडलं. हे तिला कुणी शिकवलं? मी नाही, इंदू नाही. मधूचाच तो फटका!

दिवाकर ते फूल उचलायला वाकला आणि तसाच बसला खाली. पोट सुटलंय, दम लागला. पमू तिकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "आजी, ते काका रडताहेत." मी म्हटलं, मोठ्या माणसांना दम लागला की तसंच दिसतं.

वैशाख वद्य सप्तमी, मंगळवार

ठोका नाही. दोन दिवस झाले, दुपारी नुसती लू. कान देऊन बसले. शकुंतला म्हणाली, "चाची, किसकी राह देख रही हो?" मी म्हटलं, कुणाची नाही गं.

वैशाख वद्य एकादशी, शनिवार

घरात काहीतरी चाललं आहे. मला कुणी सांगत नाही, पण मला आनंद आहे, कारण घर गप्प असलं की काहीतरी ठरत असतं. इंदू शाळेला सुट्टी असूनही बाहेर गेली होती, भटजींकडे. पमूच्या प्रवासाचा मुहूर्त बघायला असणार.

भावजी आले, आज रविवार नसताना. माझ्या जवळ बसले. म्हणाले, "वैनी, दादाने एकट्याने सोसलं हो." काय सोसलं विचारलं तर म्हणाले, "उन्हाळा." मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मीही काढून टाकणार आहे या आठवड्यात. उकडतं."

मी म्हटलं, तुम्हीही तिरुपतीला निघालात की काय, भावजी?

ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धुवत राहिले.

मी नंतर तिथेच बसले होते, गहू पाखडत. गहू संपले तरी सूप हलवत होते. पमूने येऊन सूप काढून घेतलं.

वैशाख वद्य चतुर्दशी, बुधवार

उद्याची तयारी. उद्या सगळे ओरछ्याला जाणार, बेतवेवर. दिवाकर आणि भानुमती इथे येऊन मग बरोबर निघणार आहेत. मी आणि पमू घरी थांबायचं. इंदू म्हणाली, आई, ऊन तुम्हाला सोसणार नाही. अमावास्येला कोण नदीवर जेवायला जातं, पण आजकालचे लोक.

बरुआसागरकडची बाई सकाळी पळसाची पानं टाकून गेली. केवढा भारा! नवी, मऊ, हिरवीगार. मी म्हटलं, इंदू, एवढी पानं कशाला गं? चार माणसांना पत्रावळी किती लागतात? इंदू पानं पुसून एकावर एक ठेवत होती. म्हणाली, "असू द्यात आई, जास्त." मी म्हटलं, पत्रावळींनाच ना? ती म्हणाली, "हो, आई." मी मदतीला बसले. फाटकी बाजूला काढली, देठ सारखे केले. मला पत्रावळ सुरेख येते, पण इंदू म्हणाली, टाचू नका, सुटीच राहू द्या.

मग अंघोळ करून आली आणि माझ्यापुढे कुंकवाचा करंडा घेऊन बसली. "आई, आज तुमच्या हाताने लावा." लग्न होऊन आली तेव्हा एकदा लावलं होतं मी. तेव्हा ती केवढीशी होती, नाक लाल. आज मी चांगलं मोठं लावलं, रुपयाएवढं, खाली हळदीचं बोट. तिने डोळे मिटले होते. मी म्हटलं, कशी दिसतेस गं! आरसा बघ. ती म्हणाली, "नंतर बघते," आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. केस अजून ओले होते, माझं लुगडं भिजलं. मी थोपटत बसले. एवढी मोठी मास्तरीण, शाळेतल्या पोरी हिला टरकतात.

मधूची बॅट तिने न्यायला मागितली, उद्या बरोबर. मी दिली नाही. म्हटलं, ती पमूला लागेल. मग म्हणाली, बरं. मग मीच म्हटलं, ने हवी तर. मग ती म्हणाली, नको आई, पमूलाच लागेल.

दुपारी ती निजल्यावर पमूला म्हटलं, माळ्यावर तुझा पाळणा आहे बघ, खाली काढ. "आता पाळणा कशाला, आजी?" म्हटलं, तू काढ तर. तिने धूळ झटकली, मी खोबरेल तेल घेऊन कड्या पुसल्या. एक कडी गंजली आहे, पण धरेल. शिसवीचा आहे, मजबूत. पमूने हात टेकून, भार देऊन बघितला. मला म्हणाली, "आजी, यात कोण बसणार?" मी म्हटलं, पूर्वी माणसं चांगली सहा सहा फुटी बसायची, तुला समथरची गोष्ट सांगते ये. सांगितली. ती हसली नाही. मग माझ्याकडे बघून थोडी हसली.

पाळणा माजघरात तुळईला टांगून ठेवला आहे. इंदू उठली, तिने पाहिला, पण काढ म्हणाली नाही.

दह्याला विरजण लावलं आहे, सकाळी सगळ्यांच्या हातावर घालीन.

पाहुणे उद्या गुरुवारी, सकाळच्या गाडीने. येतो म्हणालेत.